इंग्रजी शब्दाचं मूळ कसं शोधायचं: 'जिंजर'च्या वाटेवरून

"मदर म्हणजे मातृ, ब्रदर म्हणजे भ्रातृ, नेम म्हणजे नाम, म्हणजेच इंग्रजी संस्कृतातून निघाली." असे संदेश मराठी ग्रुपांवर वर्षानुवर्षं फिरत आहेत. त्यातल्या जोड्या खऱ्या आहेत, पण त्यांवरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. तो का चुकीचा हे ज्याला नीट कळलं, त्याला व्युत्पत्तिशास्त्राचा निम्मा भाग समजला. उरलेला निम्मा सवयीने येतो आणि त्यासाठी भाषाशास्त्राची पदवी लागत नाही. चांगले कोश आज मोबाइलवर मिळतात. खरी गरज आहे ती प्रत्येक पायरीला पुरावा मागण्याच्या शिस्तीची.

या लेखात मी शोधाची पद्धत एकाच शब्दावर चालवून दाखवणार आहे, तो म्हणजे 'जिंजर', आपलं आलं. हा शब्द निवडण्याचं कारण म्हणजे त्याची वाट लांब आहे आणि ती संस्कृतापाशी आली की संपली असं वाटतं, पण तशी ती संपत नाही. मध्येमध्ये इतर शब्द येतील, पण मुक्कामाला आपण 'जिंजर'कडेच परत येऊ.

आधी शब्द पक्का करा

कोश उघडण्यापूर्वी एक प्रश्न विचारा: मी ज्याचा शोध घेतोय तो शब्द एकच आहे का? इंग्रजीत सारखे दिसणारे पण वेगळ्या घरचे शब्द पुष्कळ आहेत. कुत्र्याचं भुंकणं म्हणजे 'बार्क' आणि झाडाची साल म्हणजेही 'बार्क'. पहिला जुन्या इंग्रजीतला घरचा शब्द, दुसरा व्हायकिंगांच्या नॉर्स भाषेतून आलेला. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही.

'जिंजर'च्या बाबतीतही असाच एक सापळा आहे. जपून, हलक्या हाताने काही करणं याला इंग्रजीत 'जिंजरली' म्हणतात. आल्याचा तिखटपणा आणि जपून वागणं यांचा मेळ घालणारी गोष्ट कोणीही रचू शकेल. पण 'जिंजरली' हा बहुधा जुन्या फ्रेंचमधल्या 'नाजूक, सुबक' अशा अर्थाच्या शब्दावरून आलेला आहे, त्याचा आल्याशी संबंध नाही. तेव्हा वहीत सर्वांत वर लिहा: जिंजर, नाम, अर्थ आल्याचा कंद आणि त्याची सुंठ. एवढंच आपण शोधणार आहोत.

इंग्रजीतला सर्वांत जुना दाखला

दुसरी पायरी बहुतेक लोक गाळतात आणि तिथेच चुकतात. शब्द इंग्रजीत पहिल्यांदा लिखित कधी सापडतो आणि तेव्हा त्याचं स्पेलिंग काय होतं, हे पाहिल्याशिवाय पुढे जायचं नाही. यासाठी ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीला तोड नाही. लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीने १८५७ साली या कोशाचा विचार मांडला, १८८४ मध्ये पहिला भाग प्रसिद्ध झाला आणि १९२८ मध्ये पहिली आवृत्ती पूर्ण झाली. हजारो वाचकांनी जुनी पुस्तकं वाचून चिठ्ठ्यांवर वाक्यं उतरवून पाठवली आणि त्यांतून प्रत्येक शब्दाचा कालक्रमाने इतिहास उभा राहिला. हा कोश ऑनलाइन पैसे भरून मिळतो. विद्यापीठाच्या ग्रंथालयात तो उपलब्ध आहे का, ते जरूर विचारा. फुकटात काम भागवायचं असेल तर एटिमऑनलाइन हे संकेतस्थळ चांगलं आहे. विक्शनरीही उपयोगी आहे, पण तिथली नोंद कोणीही बदलू शकतो, म्हणून तिच्याकडे सुगावा म्हणून पाहावं, साक्ष म्हणून नाही.

'जिंजर' शोधला की कळतं की हा शब्द दहाव्या-अकराव्या शतकांतल्या जुन्या इंग्रजी वैद्यकग्रंथांतच आलेला आहे. तिथलं रूप साधारण 'जिंजिफेर' असं आहे. मध्ययुगीन इंग्रजीत 'जिंजिवेर', 'जिंजेर' अशी रूपं दिसतात.

या एका तारखेने किती कामं होतात ते पाहा. "इंग्रज मसाल्याच्या व्यापाराला भारतात आले आणि हा शब्द घेऊन गेले" हा समज तिथेच संपतो. ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली १६०० साली आणि शब्द त्याच्या सुमारे सहा शतकं आधीच इंग्लंडमध्ये औषधांच्या यादीत बसलेला होता. नॉर्मन राजा विल्यम इंग्लंडमध्ये आला १०६६ साली आणि त्यानंतर फ्रेंच शब्दांचा लोंढा आला. 'जिंजिफेर' त्याच्याही आधीचा. म्हणजे तो पहिल्यांदा आला तो फ्रेंचमधून नव्हे, तर लॅटिनमधून, मठांतल्या आणि वैद्यांच्या लॅटिनमधून. नॉर्मन आल्यावर फ्रेंच 'जिंजिवर' त्याच्या शेजारी येऊन बसला आणि आजचं रूप दोघांच्या मिश्रणातून घडलं. एकच शब्द एकाच भाषेत दोनदा, दोन दारांनी येऊ शकतो, हे ध्यानात ठेवा.

घरचा की बाहेरचा

प्रत्येक इंग्रजी शब्दाला विचारायचा प्रश्न असा: हा वारशाने आलेला आहे की उसना घेतलेला? मराठी वाचकाला ही कल्पना नवी नाही. 'हात' हा प्राकृतातून झिजत आलेला, 'हस्त' हा संस्कृतातून जसाच्या तसा उचललेला. इंग्रजीतही असंच आहे. फक्त तिथे वारशाची भाषा जर्मानिक, म्हणजे जर्मन, डच यांच्या कुळातली, आणि उसनवारी मुख्यतः फ्रेंच, लॅटिन, ग्रीक, नॉर्स यांची.

काही खुणा नजरेला लगेच पकडता येतात. जुन्या इंग्रजीत 'स्क'चा 'श' झाला होता, म्हणून 'शर्ट' घरचा आणि 'स्कर्ट' नॉर्स. दोघांचं मूळ एकच. फ्रेंचमधून लवकर आलेल्या शब्दांत 'च' आहे आणि उशिरा आलेल्यांत 'श', कारण दरम्यान खुद्द फ्रेंचांचा उच्चार बदलला. 'चीफ' मध्ययुगात आला, 'शेफ' एकोणिसाव्या शतकात. फ्रेंच शब्द तोच. 'फ'साठी पीएच लिहिलेलं दिसलं तर ग्रीक दार ठोठावून पाहावं.

सर्वांत भरवशाची कसोटी मात्र ग्रिमच्या नियमाची. याकोब ग्रिम या जर्मन पंडिताने १८२२ मध्ये तो सविस्तर मांडला. लॅटिन, ग्रीक, संस्कृतात जिथे 'प' आहे तिथे जर्मानिक भाषांत 'फ' येतो, 'त'च्या जागी 'थ', 'द'च्या जागी 'ट', 'ग'च्या जागी 'क', आणि मूळच्या 'क'च्या जागी 'ह'. त्या 'क'चा संस्कृतात अनेकदा 'श' झालेला असतो. पाद–फूट, त्रि–थ्री, दंत–टूथ, दश–टेन, शत–हंड्रेड, श्वन्–हाउंड. 'जानु' आणि 'नी', 'ज्ञा' आणि 'नो' या जोड्या पाहा: इंग्रजी स्पेलिंगमध्ये सुरुवातीला जो मुका 'के' आहे, तो पूर्वी उच्चारला जात असे आणि तो मूळच्या 'ग'चा वंशज आहे. संस्कृतात त्याच 'ग'चा 'ज' झाला.

आता कसोटी लावा. 'फूट' आणि 'पेडल' दोन्ही पायाशी संबंधित. 'फूट'मध्ये 'प'चा 'फ' आणि 'द'चा 'ट' झालेला आहे, म्हणजे तो घरचा. 'पेडल'मध्ये 'प' आणि 'द' शाबूत आहेत, म्हणजे तो नियम घडून गेल्यानंतर बाहेरून आलेला. 'टूथ' घरचा, 'डेंटल' उसना. 'फादर' घरचा, 'पॅटर्नल' उसना.

इथेच सुरुवातीच्या संदेशाचं उत्तर मिळतं. इंग्रजीने 'फादर' संस्कृतातून उचलला असता तर त्यात 'प' राहिला असता. तो राहिला नाही, आणि असे शेकडो शब्द एकाच नियमाने बदललेले आहेत, याचा अर्थ दोघांनाही तो एका आणखी जुन्या पूर्वज भाषेकडून मिळाला. विल्यम जोन्स यांनी २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे हाच विचार मांडला होता: संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातलं साम्य योगायोगाने होण्यासारखं नाही, त्यांचा उगम समान असावा आणि तो उगम कदाचित आता अस्तित्वात नसेल. त्या पूर्वज भाषेला आज आद्य इंडो-युरोपीय म्हणतात. कोशात तिच्या शब्दांच्या आधी छोटा तारा छापलेला असतो. त्या ताऱ्याचा अर्थ असा की हे रूप कुठेही लिहिलेलं सापडलेलं नाही, तुलनेवरून सिद्ध केलेलं आहे. तारा दिसला की आपण कागदपत्रांच्या प्रदेशातून अनुमानाच्या प्रदेशात आलो हे ओळखावं.

संस्कृतचा मान यामुळे कमी होत नाही. मला तर वाटतं की तिची खरी थोरवी इथेच दिसते. 'ब्रदर' आणि 'फादर' यांत आज दोन्हीकडे 'द' ऐकू येतो, पण जुन्या इंग्रजीत 'ब्रोथोर' आणि 'फॅडेर' अशी रूपं होती. ग्रिमच्या नियमाने दोन्हीकडे 'थ' हवा होता. मग 'फादर'मध्ये 'ड' कुठून आला? हे कोडं डॅनिश विद्वान कार्ल वेर्नर यांनी १८७०च्या दशकात सोडवलं, आणि किल्ली सापडली ती वैदिक स्वरांत. वेदांत 'भ्राता'चा उदात्त स्वर, म्हणजे आघात, पहिल्या अक्षरावर आहे, 'पिता'चा शेवटच्या. मूळ भाषेत आघात 'त'च्या आधी असेल तर 'थ' झाला, नंतर असेल तर 'ड'. वेदपाठकांनी स्वरांसकट जपून ठेवलेल्या उच्चारांमुळे उत्तर युरोपातल्या शब्दांचा गुंता सुटला.

एकेक पायरी खाली, उडी नाही

आता 'जिंजर'कडे. त्याची खूण घरच्या शब्दाची नाही, हे वैद्यकग्रंथातल्या जागेवरूनच दिसतं. इंग्लंडमध्ये आलं पिकत नाही. वस्तू परकी असेल तर शब्द परका असण्याची शक्यता मोठी. मग तो आला कुठून?

नियम असा: एका वेळी एकच पायरी. इंग्रजीतून थेट संस्कृतात उडी मारायची नाही. आणि प्रत्येक पायरीला तीन गोष्टी तपासायच्या. ध्वनी जुळतो का, म्हणजे जो बदल दिसतो तसा बदल त्या भाषेत इतर शब्दांतही झालेला आहे का? अर्थ जुळतो का, किंवा अर्थ बदलला असेल तर मधला दुवा सापडतो का? आणि त्या दोन भाषांची माणसं त्या काळात एकमेकांना भेटत होती का?

इंग्रजीच्या खाली उत्तरकालीन लॅटिन 'जिंजिबेर'. त्याच्या खाली अभिजात लॅटिन 'झिंगिबेरी'. इथे 'झाड'मधल्या 'झ'सारख्या ध्वनीचा 'जेवण'मधल्या 'ज'सारखा ध्वनी झालेला दिसतो. तो पटण्याजोगा आहे का? दुसरं उदाहरण शोधा. लॅटिन 'झेलोसुस' हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा त्याचा 'जेलस' झाला, आणि पुढे तोच शब्द विद्वानांनी लॅटिनमधून सरळ उचलला तेव्हा 'झेलस' झाला. म्हणजे बोलीतून झिजत आलेल्या वाटेवर 'झ'चा 'ज' होण्याला आधार आहे. ध्वनीची कसोटी पार पडली. असं दुसरं, स्वतंत्र उदाहरण मिळालं की पायरी पक्की धरावी.

लॅटिनच्या खाली ग्रीक 'झिंगिबेरिस'. पहिल्या शतकातल्या डिओस्कोरिदेस या वैद्याच्या औषधीविषयक ग्रंथात तो आहे. त्याच शतकात रोमन लेखक थोरला प्लिनी आल्याविषयी लिहितो, आणि ती नोंद जवळून पाहण्यासारखी आहे. काही लोक आल्याला मिऱ्याच्या झाडाचं मूळ समजतात, ते चूक आहे असं तो सांगतो. एका पौंडाची किंमत सहा दिनार देतो. आणि आलं अरबस्तानात आणि तांबड्या समुद्राच्या आफ्रिकी किनाऱ्याकडे पिकतं असंही म्हणतो. हे शेवटचं विधान दिशाभूल करणारं आहे, पण तीच आपली तिसरी कसोटी आहे. रोमन ग्राहकाला माल मिळत होता तो तांबड्या समुद्रातल्या दलालांकडून, म्हणून त्यालाच तो मालाचं माहेर समजत होता. त्या काळी मोसमी वाऱ्यांवर जहाजं भारताच्या पश्चिम किनाऱ्याला येत होती. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशी-व्यापाऱ्याच्या प्रवासवर्णनात भडोच, सोपारा, कल्याण आणि केरळातलं मुझिरिस या बंदरांची नावं आहेत. माणसं भेटत होती, माल जात होता, शब्द जायला अडचण नव्हती.

व्यापारी शब्द एकाच दिशेला जात नाहीत, हेही पाहून ठेवावं. अरबीत आल्याला 'झंजबील' म्हणतात आणि तो शब्द कुराणातही आहे. फाटे सापडले की मूळ खोडाविषयी खात्री वाढते.

भारताच्या किनाऱ्यावर

ग्रीक रूपाला सर्वांत जवळचं भारतीय रूप संस्कृत नाही, पाली आहे: 'सिंगिवेर'. दुसऱ्या अक्षरातला 'गि' पाहा. ग्रीकमध्ये 'गि', पालीमध्ये 'गि', संस्कृत 'शृंगवेर'मध्ये 'ग'. व्यापारी आणि खलाशी संस्कृत बोलत नव्हते, प्राकृत बोलत होते, म्हणून ग्रीकांनी ऐकलं ते प्राकृत रूप. ग्रीकमध्ये आपल्या 'व'ला नेमकं अक्षर नव्हतं, त्यामुळे तिथे 'ब' आला.

आता 'शृंगवेर'. रामायणातल्या निषादराज गुहाचं गाव शृंगवेरपूर, तिथे हाच शब्द आहे. पारंपरिक फोड अशी केली जाते: शृंग म्हणजे शिंग आणि वेर म्हणजे शरीर, ज्याचं अंग शिंगासारखं ते शृंगवेर. आल्याचा तुकडा हातात घेतला तर ही फोड पटतेही. इथे थांबण्याचा मोह फार मोठा आहे आणि बरीच लोकप्रिय पुस्तकं इथेच थांबतात.

पण दक्षिणेकडच्या भाषांकडे पाहा. तमिळमध्ये आल्याला 'इंजि' म्हणतात, मल्याळममध्ये 'इंचि'. आणि 'वेर' म्हणजे तमिळ-मल्याळममध्ये मूळ, झाडाचं मूळ. कन्नडमध्ये तोच शब्द 'बेरु'. इंजि-वेर म्हणजे आल्याचं मूळ, अगदी साधा, बाजारात चालेल असा शब्द. शिवाय आलं मुबलक पिकतं ते दमट दक्षिणेत.

अडचण एकच: पालीतल्या सुरुवातीच्या 'स'चं काय? 'इंजि'त तो नाही. इथे पुन्हा दुसरं उदाहरण मागायचं. तमिळमध्ये पाचला 'ऐंदु' आणि सहाला 'आरु' म्हणतात. गडचिरोली-चंद्रपूरकडे बोलली जाणारी गोंडी हीदेखील द्राविडी भाषा. तिच्यात पाच म्हणजे 'सैयुंग' आणि सहा म्हणजे 'सारुंग'. जिथे तमिळमध्ये शब्द स्वराने सुरू होतो, तिथे गोंडीत 'स' आहे. मूळ द्राविडी भाषेत शब्दारंभी 'च' होता. तमिळसारख्या दक्षिणी भाषांत तो कित्येक शब्दांतून गळाला, गोंडीसारख्या भाषांत 'स' होऊन राहिला. म्हणजे 'इंजि'च्या आधी कधीकाळी 'चिंकि'सारखं रूप असणं शक्य आहे, आणि ते गळण्यापूर्वीच उत्तरेत पोचलं असेल तर 'सिंगिवेर' नीट बसतो. संस्कृत पंडितांनी त्या अनोळखी शब्दाला ओळखीच्या 'शृंग'चा पोशाख चढवला. परक्या शब्दाला आपल्या शब्दासारखं वळवून घेण्याच्या या सवयीला लोकव्युत्पत्ती म्हणतात आणि ती जगातल्या सगळ्या भाषांत आढळते. ए. एस. सी. रॉस यांनी १९५२ मध्ये या एका शब्दावर अख्खं पुस्तक लिहिलं, यावरून तो किती खोल आहे याचा अंदाज यावा.

आणि गंमत अशी की 'शृंग' या शब्दाला इंग्रजीत खरा सख्खा नातेवाईक आहे: 'हॉर्न'. मूळचा 'क', संस्कृतात 'श', इंग्रजीत 'ह', लॅटिनमध्ये 'कोर्नू'. ग्रिमचा नियम तंतोतंत. म्हणजे 'हॉर्न' आणि 'शृंग' यांचं रक्ताचं नातं आहे, तर 'जिंजर' आणि 'शृंगवेर' यांचं नातं व्यापाराचं. साम्यावर भिस्त ठेवणारा माणूस दोन्ही एका टोपलीत टाकेल.

भारतीय टप्प्यासाठी कोश कोणते? शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई डिजिटल कोशसंग्रहात मोल्सवर्थचा मराठी कोश, टर्नरचा भारतीय आर्यभाषांचा तुलनात्मक कोश आणि बरो-एमेनो यांचा द्राविडी व्युत्पत्तिकोश तिन्ही फुकट शोधता येतात. मराठीसाठी कृ. पां. कुलकर्णी यांचा मराठी व्युत्पत्ति कोश अजूनही हाताशी असावा. टर्नरमध्ये पाहिलं तर आपला 'आलं' हा शब्द 'आर्द्रक', म्हणजे ओलं असलेलं, यावरून आलेला दिसतो. वाळलेली ती सुंठ, संस्कृत शुंठीवरून. मराठीने 'शृंगवेर' ठेवलाच नाही, इंग्रजीने ठेवला.

साम्य हा सर्वांत कमकुवत पुरावा

'बदनाम'मधला फारसी 'बद' म्हणजे वाईट आणि इंग्रजी 'बॅड' म्हणजेही वाईट. उच्चार जवळचे, अर्थ तोच, दोन्ही भाषा एकाच कुळातल्या. तरीही त्यांचा संबंध नाही. कसं कळतं? मागे जाऊन. फारसी शब्दाचं मध्ययुगीन रूप 'वद' होतं, तर इंग्रजी 'बॅड' तेराव्या शतकाच्या सुमारास दिसू लागतो आणि 'व'शी त्याचा काही मेळ नाही. दोन शब्द जसजसे मागे न्यावे तसतसे जवळ आले तर नातं खरं. मागे नेल्यावर दूर गेले तर योगायोग. 'बेहतर' आणि 'बेटर' यांचंही तसंच. 'बेह'चं जुनं रूप 'वेह'.

योगायोग किती टोकाचा असू शकतो याचं उदाहरण ऑस्ट्रेलियात आहे. तिथल्या म्बाबराम या आदिवासी भाषेत कुत्र्याला 'डॉग' म्हणत. भाषावैज्ञानिक डिक्सन यांनी ते नोंदवलं आणि शेजारच्या भाषांशी तुलना करून दाखवलं की तो शब्द तिथल्याच जुन्या रूपातून नियमाने झिजत आलेला आहे, इंग्रजांकडून आलेला नाही.

आद्याक्षरांच्या गोष्टींपासूनही सावध राहा. 'न्यूज' म्हणजे चार दिशांची आद्याक्षरं, हे शाळेत सांगितलं जातं. प्रत्यक्षात तो 'नवीन' या अर्थाच्या शब्दाचं अनेकवचन आहे. आद्याक्षरांवरून शब्द पाडण्याची पद्धत मुख्यतः विसाव्या शतकातली आहे. त्याआधीच्या शब्दाविषयी अशी गोष्ट ऐकू आली तर ती जवळपास नेहमीच मागाहून रचलेली असते.

आपल्या बाजूचे काही शब्द

मराठी जाणणाऱ्याला काही दारं सहज उघडतात. 'मंगूस' हा इंग्रजी शब्द सतराव्या शतकाच्या अखेरीस दिसू लागतो आणि तो मराठी 'मुंगूस'वरून गेलेला आहे. त्याचं अनेकवचन 'मंगूसेस' होतं, 'मंगीस' नाही; शेवटच्या 'गूस'चा हंसाशी काही संबंध नाही. पण मराठीपाशी थांबू नका. तेलुगूत 'मुंगिस', कन्नडमध्ये 'मुंगुसि' आहे, त्यामुळे हा शब्द मराठीतही दक्षिणेकडून आलेला दिसतो.

दिशा नेहमी भारताकडून युरोपकडेच असते असंही नाही. 'बटाटा' आणि 'पोटॅटो' सारखे वाटतात, पण एकाने दुसऱ्याकडून घेतलेलं नाही. कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो भाषेतला 'बताता', म्हणजे रताळं, स्पॅनिशांनी उचलला. इंग्रजांना तो स्पॅनिशमधून मिळाला, आपल्याला पोर्तुगिजांकडून. 'काजू' आणि 'कॅश्यू' ब्राझीलच्या तुपी भाषेतून पोर्तुगीज जहाजांवर बसून आले. गोवा-कोकणातला शब्द आणि इंग्रजी शब्द जुळले की आधी पोर्तुगीज कोश पाहावा.

'पायजमा' मात्र खास आहे. इंग्रजीने तो हिंदुस्थानातून घेतला, आपण फारसीतून: पाय आणि जामा. यातला 'पाय' हा 'पाद'चा भाऊ आणि म्हणून इंग्रजी 'फूट'चाही भाऊ. इंग्रजी माणसाच्या तोंडी एकाच मुळाचे दोन शब्द आहेत, एक वारशाचा, एक कपड्याबरोबर आलेला.

नोंद कशी लिहावी

शोध संपला की उत्तर एका वाक्यात लिहू नका, साखळी लिहा, आणि प्रत्येक कडीपुढे खात्री किती ते लिहा. 'जिंजर'ची नोंद अशी होईल:

इंग्रजी जिंजर, जुनी इंग्रजी जिंजिफेर, दहावं-अकरावं शतक, निश्चित. मागाहून फ्रेंच जिंजिवरची भर, निश्चित.
त्याआधी उत्तरकालीन लॅटिन जिंजिबेर, अभिजात लॅटिन झिंगिबेरी, निश्चित.
त्याआधी ग्रीक झिंगिबेरिस, पहिलं शतक, निश्चित.
त्याआधी प्राकृत, पाली सिंगिवेरसारखं रूप. निश्चित, संस्कृतपेक्षा जवळचं.
संस्कृत शृंगवेर, प्राकृत रूपाचा जोडीदार. शिंग-शरीर ही फोड लोकव्युत्पत्ती, बहुधा.
मुळाशी जुनी द्राविडी भाषा, आल्याचा शब्द अधिक वेर. बहुधा, शब्दारंभीचा 'च' गळण्याच्या आधाराने.

'बहुधा' लिहायला संकोच करू नका. कोशकारही तेच लिहितात, आणि दोन कोशांत मतभेद दिसला तर दोन्ही मतं लिहून ठेवावीत.

सरावाला पुढे 'शुगर' घ्या. तो सोपा आहे, कारण शर्करा, शकर, सुक्कर असे सगळे मुक्काम आजही ओळखीचे आहेत. त्याच्याबरोबर 'कँडी' घ्या आणि तो 'खंड'पर्यंत पोचतो का पाहा. मग 'पेपर', कागद नव्हे, मिरी या अर्थाचा: तो 'पिप्पली'वरून गेला. पिप्पली म्हणजे लेंडीपिंपळी, मिरी नव्हे, तेव्हा अर्थ कुठल्या टप्प्यावर सरकला ते शोधा. त्यानंतर 'ऑरेंज'. 'नारंग'मधला सुरुवातीचा 'न' इंग्रजीत पोचण्याआधीच, फ्रेंच आणि इटालियन भाषांच्या टापूत, हरवला. स्पॅनिशमध्ये तो अजून आहे. आधीच्या 'एक' अर्थाच्या शब्दाला तो चिकटून गेला असं मानतात. असाच 'न' इंग्रजीतल्या 'एप्रन'मधूनही गेलेला आहे. त्याचं जुनं रूप 'नॅप्रन' होतं. 'नॅपकिन' त्याचा जवळचा नातेवाईक, आणि त्याने आपला 'न' अजून सोडलेला नाही.